गल्ल्याचा साक्षीदार : दुकानातील सर्व्हरची नोंदवही

एक दुकान, एक गल्ला आणि गल्ल्यावर मालक स्वतः, अशी स्थिती असेल तर रात्री हिशेब जुळला नाही तरी भांडण स्वतःशीच असते. परंतु आता आपल्या समाजातील पुष्कळ व्यापारी बांधवांकडे मागच्या खोलीत एक मोठा कॉम्प्युटर, पुढे दोन-तीन काउंटर, गोदामात एक आणि कारखान्यात एक, अशी मांडणी झालेली आहे. बिल कोणत्याही काउंटरवर होवो, ते लिहिले जाते मागच्या खोलीतील कॉम्प्युटरमध्ये. त्यालाच सर्व्हर म्हणतात. पूर्वी दिवाणजीच्या हातात असलेली रोजकीर्द आता या डब्यात गेली. मात्र दिवाणजीला विचारता येत असे, "ही रक्कम कोणी, केव्हा लिहिली?" डब्याला ते कसे विचारावे हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. या लेखात तेवढेच सांगावयाचे आहे.

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमच्या ओळखीच्या एका हाजीसाहेबांची बेकरी आहे. गावाबाहेर भट्टी, भट्टीला लागून एक विक्री काउंटर, बाजारात दुसरे दुकान व तिथे दोन काउंटर. सर्व्हर भट्टीवरच्या कचेरीत. २०२४ च्या रमजानमध्ये भट्टीवरच्या काउंटरला, म्हणजे काउंटर क्रमांक दोनला, रोज तूट येऊ लागली. कॉम्प्युटर म्हणे इतकी विक्री झाली, गल्ल्यात मात्र पाचशे कमी, कधी हजार कमी. नऊ दिवसांत ११,६४० रुपये झाले. त्या काउंटरवर बसत होता गल्लीतलाच एक एकोणीस वर्षांचा मुलगा. हाजीसाहेबांनी पोलिसांत दिले नाही, आरडाओरडाही केला नाही. दहाव्या दिवशी पगार हातात ठेवला आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. गल्लीला सांगावे लागत नाही. ईदच्या आठवडाभर आधी बेकरीतून काढलेल्या मुलाबद्दल गल्लीने काय समजायचे ते समजून घेतले.

त्यानंतर चार दिवसांनी प्रिंटर दुरुस्त करण्यासाठी मेकॅनिक आला. त्याने सहज म्हणून बिलिंग प्रोग्रामची लॉग फाइल उघडली. लॉग म्हणजे प्रोग्रामने स्वतःसाठी लिहिलेली डायरी. क्षणाक्षणाला काय घडले याची एकेक ओळ, पुढे वेळ. मूळ ओळी इंग्रजीत होत्या. मराठीत त्या अशा काहीशा वाचाव्या लागतील :

१८:२१:०४ काउंटर २, बिल पाठविले.
१८:२१:१४ काउंटर २, सर्व्हरचे उत्तर नाही.
१८:२१:१५ काउंटर २, बिल पुन्हा पाठविले.
१८:२१:१६ सर्व्हर, बिल ४४१८ नोंद झाले.
१८:२१:१६ सर्व्हर, बिल ४४१९ नोंद झाले.

गिऱ्हाईक एक, माल एक, पैसे एकदाच आले, आणि सर्व्हरवर बिले दोन. अशी तेवीस बिले निघाली. सगळी इफ्तारच्या आधीच्या गर्दीतील. बेरीज ११,६४० रुपये, एक रुपया इकडे-तिकडे नाही. कारणही सापडले. वायरी ज्या छोट्या डब्यात एकत्र येतात तो स्विच भट्टीच्या भिंतीला टेकून ठेवलेला होता. रमजानात संध्याकाळी भट्टी जोरात चाले, डबा तापे, जोडणी काही सेकंद अडखळे. पहिले बिल वाटेत अडकून राही, काउंटर ते हरवले समजून पुन्हा पाठवी, आणि जोडणी सुरू होताच दोन्ही पोहोचत.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. काउंटर दोनवर जो कोणी बसेल तो 'काउंटर' या एकाच नावाने आणि एकाच पासवर्डाने कॉम्प्युटर उघडत असे. हजेरीची कागदी वही काढून पाहिली तेव्हा कळले की त्या नऊपैकी दोन संध्याकाळी हा मुलगा माल घेऊन तासगाव रस्त्याला गेलेला होता आणि गल्ल्यावर हाजीसाहेबांचा सख्खा पुतण्या बसला होता. त्या दोन दिवसांची तूटही मुलाच्याच नावावर पडली. आणखी एक. ती लॉग फाइल फक्त पंधरा दिवसांचे ठेवी, मग जुन्यावर नवे लिही. मेकॅनिक आठवडाभर उशिरा आला असता तर पहिल्या बिलांचा मागमूस उरला नसता.

हाजीसाहेब मुलाच्या घरी गेले. मुलाच्या अब्बांनी त्यांना बसवले, चहा दिला. म्हणाले, "हाजीसाब, तुम्ही स्वतः आलात, आमच्या मनात काही नाही. पण पोरगा आता तुमच्या गल्ल्यावर बसायचा नाही." तो बसला नाही. आज तो इचलकरंजीला एका कापडाच्या पेढीवर आहे.

ही घटना आम्ही इतकी लांबवून सांगितली, कारण हिचाच मोठा अवतार ब्रिटनमध्ये घडून गेला आहे, आणि तिथे पगार हातात ठेवून घरी पाठवण्याइतकी दयाही दाखवली गेली नाही. तिकडे पोस्ट ऑफिसच्या पुष्कळ शाखा छोटे दुकानदार चालवतात. किराणा-कागदाच्या दुकानात एका बाजूला पोस्टाचा काउंटर. त्यांना उपपोस्टमास्तर म्हणतात. त्यांत भारत व पाकिस्तानातून गेलेल्या कुटुंबांतील लोक बरेच आहेत. १९९९ पासून या शाखांत 'होरायझन' नावाची कॉम्प्युटर व्यवस्था बसविण्यात आली. ती फुजित्सू कंपनीची होती. शाखेतील काउंटर दुकानदाराकडे, सर्व्हर कंपनीकडे. करार असा की शाखेत तूट आली तर ती उपपोस्टमास्तरने भरून द्यावी.

तूट येऊ लागली. यॉर्कशरमधील ब्रिडलिंग्टनच्या ली कॅसलटन यांनी मदतकेंद्राला ९१ वेळा फोन केला. सुमारे २५,००० पौंडांची तूट त्यांनी मान्य केली नाही, तेव्हा पोस्ट ऑफिसने त्यांच्यावर दावा लावला. २००७ मध्ये ते हरले, खर्चाचे ३,२१,००० पौंड अंगावर आले आणि दिवाळे निघाले. सरे परगण्यातील वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा यांना नोव्हेंबर २०१० मध्ये ७४,००० पौंडांहून अधिक रकमेच्या चोरीसाठी १५ महिन्यांची कैद झाली. त्या वेळी त्या गरोदर होत्या. १९९९ ते २०१५ या काळात अशा ९०० हून अधिक लोकांना दोषी ठरविण्यात आले.

स्कॉटलंडमधील डालमेलिंग्टनचा २०१५ चा प्रसंग तर आमच्या बेकरीचाच. ८,००० पौंडांची रोकड एका शाखेतून फिरत्या शाखेकडे पाठविल्याची नोंद करायची होती. पडदा गोठला. बाईंनी बटण पुन्हा पुन्हा दाबले. व्यवस्थेने एकच रक्कम चार वेळा आली असे लिहिले आणि २४,००० पौंडांची तूट दाखविली. चौकशी केली तेव्हा हाच दोष आणखी कितीतरी शाखांत आधी घडलेला निघाला.

आता मुद्द्याची गोष्ट. होरायझनकडे नोंद नव्हती काय? होती. काउंटरवर दाबलेल्या बटणांपर्यंतची नोंद फुजित्सूच्या भांडारात होती. शिवाय ज्ञात दोषांची वेगळी नोंदवही होती, तिच्यात कोणता दोष कुठे आढळला हे अभियंते लिहून ठेवीत. परंतु ज्याच्यावर चोरीचा आळ, त्या दुकानदाराला यातले काही उघडून पाहता येत नसे. भांडारातील नोंद मागवायची तर ती पोस्ट ऑफिसने मागवायची. बाहेरून कोणी शाखेच्या हिशेबात हात घालू शकत नाही, असेही वर्षानुवर्षे सांगण्यात आले, आणि ते खरे नव्हते. ॲलन बेट्स यांच्या पुढाकाराने ५५५ जणांनी मिळून दावा केला, तेव्हा कुठे ती दोषांची नोंदवही कोर्टापुढे आली. १६ डिसेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला की जुना होरायझन भरवशाचा नव्हता. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील कोर्टाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या, आणि २०२४ मध्ये पार्लमेंटने कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा एकदम पुसून टाकल्या. सर विन विल्यम्स यांच्या चौकशी आयोगाने जुलै २०२५ मध्ये जो पहिला भाग प्रसिद्ध केला, त्यात किमान १३ आत्महत्यांचा या प्रकरणाशी संबंध असू शकतो असे म्हटले आहे.

नोंद आहे, पण ती ज्याच्या गळ्याशी आले त्याच्या हातात नाही, तर तिचा उपयोग त्याला शून्य. आपल्याकडेही बिलिंगचा प्रोग्राम पुण्याच्या नाहीतर बंगलोरच्या कंपनीच्या सर्व्हरवर भाड्याने वापरण्याची रीत वाढत चालली आहे. त्या बांधवांनी हे वाक्य विशेष ध्यानात ठेवावे.

लॉगबुक ओळखीचे आहे

'लॉग' हा शब्द कोकणातील आपल्या बांधवांना नवा नाही. रत्नागिरी, रायगडकडची कितीतरी घरे पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर गेलेली आहेत आणि बोटीवरचे लॉगबुक त्यांच्या बोलण्यातले आहे. पूर्वी जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला लाकडाचा ओंडका बांधून पाण्यात टाकीत, दोरीच्या किती गाठी सुटल्या ते मोजीत आणि वहीत लिहीत. ओंडक्याला इंग्रजीत लॉग. म्हणून त्या वहीला लॉगबुक. तिच्यात खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर रेघ मारून खाली दुरुस्ती आणि सही. आपल्या जुन्या पेढ्यांचाही हाच शिरस्ता होता. आणि उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहावे, साक्षीदार ठेवावेत, हा आदेश तर सूरह बकराच्या २८२ व्या आयतीतच आहे. कुरआनातील ती सर्वांत मोठी आयत. आम्हांला नोंदीचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. गरज आहे ती कॉम्प्युटरकडून तशी नोंद करवून घेण्याची.

कॉम्प्युटरच्या दुनियेत ही रीत बसविण्यात अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या एरिक ऑलमन यांचा वाटा मोठा. १९८० च्या दशकात त्यांनी टपाल वाहणाऱ्या एका प्रोग्रामसाठी 'सिसलॉग' नावाची सोय केली आणि ती पुढे जगभर पसरली. तिच्यात नोंदीच्या गांभीर्याच्या आठ पायऱ्या आहेत, शून्य ते सात. शून्य म्हणजे सर्व कोसळले, सात म्हणजे कारागिराला दुरुस्तीच्या वेळी लागणारी बारीकसारीक बडबड. आणखी एक सोय अशी की नोंद त्याच कॉम्प्युटरवर न ठेवता तारेवरून दुसऱ्या कॉम्प्युटरकडे पाठविता येते. चाळीस वर्षे झाली तरी आम्हांला ही दुसरी सोय सर्वांत मोलाची वाटते. ज्याच्याबद्दल वाद, त्याच्याच खिशात पुरावा ठेवून कसे चालेल? सर्व्हरची हार्डडिस्क जळाली, किंवा कोणी चोर जाळ्यातून आत शिरला, तर पहिली नाहीशी होते ती तिथलीच लॉग फाइल. आत शिरणारा आपल्या पाऊलखुणा पुसूनच जातो.

दुकानात काय तपासावे

विंडोजवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाचा भाग आधीपासून असतो. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. त्यात प्रत्येक घटनेला क्रमांक आहे. ४६२४ म्हणजे कोणी तरी यशस्वीपणे आत आले. ४६२५ म्हणजे पासवर्ड चुकला. रात्री दोन वाजता ४६२५ च्या शेकडो ओळी दिसल्या, तर बाहेरचा कोणी कुलपाला चाव्या लावून पाहत आहे असे समजावे. ६००८ आणि ४१ म्हणजे मशीन व्यवस्थित बंद न होता एकाएकी गेले, बहुधा वीज गेली नि यूपीएसने दगा दिला. आणि ११०२ म्हणजे कोणी तरी सुरक्षेची नोंदवहीच पुसली. ही शेवटची ओळ दिसली तर चहा बाजूला ठेवावा.

या नोंदवहीचा आकार मात्र ठरलेला असतो, बहुधा २० एमबी, आणि भरली की जुन्या ओळींवर नव्या चढतात. गर्दीच्या दुकानात ती फार दिवस पुरत नाही. तो आकार वाढविणे हे मेकॅनिकचे दोन मिनिटांचे काम आहे, पण सांगितल्याशिवाय तो करीत नाही असा आमचा अनुभव आहे.

त्यानंतर घड्याळ. रमजानच्या वेळापत्रकात एका मिनिटालाही किती किंमत आहे ते आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच दुकानातील तीन काउंटरांची घड्याळे पाच-सात मिनिटे मागेपुढे असली तर आपल्याला खपते! मग काउंटरची नोंद आणि सर्व्हरची नोंद शेजारी ठेवली तर आधी काय घडले नि नंतर काय, हेच समजत नाही. बेकरीतील ओळी सेकंदाला जुळल्या म्हणून दोष सापडला. इंटरनेट असेल तर सर्व कॉम्प्युटर सर्व्हरच्या घड्याळाला आणि सर्व्हर बाहेरच्या अधिकृत घड्याळाला लावून घ्यावा. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. जुन्या कॉम्प्युटरची तारीख रोज सकाळी मागे जात असेल, तर आतला नाण्याच्या आकाराचा सेल संपलेला असतो. तो थोड्या रुपयांत मिळतो आणि कित्येक दुकानांत वर्षानुवर्षे बदललेला नसतो.

आणि नावे. प्रत्येक माणसाला स्वतःचे नाव, स्वतःचा पासवर्ड. गडी जेवायला गेला तर त्याने बाहेर पडावे, पुढच्याने आपल्या नावाने यावे. मालकाच्या मुलानेही. "घरातल्या माणसाला कशाला?" असे आम्हांला एका शेठजींनी विचारले. वरच्या पुतण्याची हकीकत सांगितली, मग ते गप्प झाले. एकच नाव सगळ्यांनी वापरणे म्हणजे एकाच्या अंगठ्याखाली सर्वांचा व्यवहार, आणि आळ आला की तो सर्वांत गरिबाच्या डोक्यावर बसतो.

नोंद ही झाली घडून गेल्यावर वाचण्याची गोष्ट. घडत असताना पाहणे ही देखरेख. मोठ्या कंपन्या आपल्या सर्व्हरबाबत मुख्यतः चार गोष्टी पाहतात, आणि त्या दुकानदाराच्याच आहेत : गिऱ्हाइकाला किती थांबावे लागले, किती गिऱ्हाइके आली, किती परत गेली, आणि गोदाम किती भरले. बिल नोंदायला एरवी एक सेकंद लागतो तिथे दहा लागू लागले, तर काही तरी तापले आहे किंवा तुंबले आहे. गोदामाची बाब लहान दुकानांत फार नडते. बरेच बिलिंग प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या फुकट मिळणाऱ्या 'एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस'वर चालतात. त्याच्या २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. वर्षानुवर्षांची बिले, वर मालाचे फोटो, असे करता करता एके दिवशी ती भरते, आणि त्या क्षणी नवीन बिल लिहिले जात नाही. हे हमखास सणाच्या तोंडावर घडते, कारण बिले तेव्हाच जास्त होतात. रिकामी जागा किती उरली हे रोज पाहणारा कोणी असेल, तर हे महिनाभर आधी दिसते.

हे पाहण्यासाठी झॅबिक्स, अपटाइम कुमा असे प्रोग्राम फुकट मिळतात; जुन्या कॉम्प्युटरवरही चालतात आणि गडबड झाली की मोबाइलवर संदेश पाठवितात. फक्त एक जपावे. प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला घंटा लावू नये. रात्रभर दर पाच मिनिटांनी शिटी मारणाऱ्या गुरख्याला कोणी उठून पाहत नाही, आणि चोर आला त्या रात्रीही पाहिले जात नाही. तीन-चार घंटा पुरेत : सर्व्हर बंद पडला, जागा संपत आली, बॅकअप झाला नाही, बिल नोंदण्यात चुका वाढल्या.

कायदा काय मागतो

इथे पुष्कळांची समजूत चुकीची आहे, म्हणून थोडे सविस्तर. हिशेबाच्या प्रोग्राममध्ये फेरफारांची नोंद, म्हणजे 'ऑडिट ट्रेल', १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची झाली ती कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना. प्रायव्हेट लिमिटेड असली तरी तिला ती लागू आहे, आणि ती नोंद बंद करता येता कामा नये असा नियम आहे. टॅलीने त्यासाठी 'एडिट लॉग'ची आवृत्ती काढली ती याच काळात. आपले बहुतेक बांधव स्वतःच्या नावाने किंवा भागीदारीत धंदा करतात आणि म्हणून "आम्हांला काही नाही" असे म्हणतात. हे अर्धेच खरे. जीएसटीच्या नियम ५६ च्या पोटनियम ८ प्रमाणे नोंदणी असलेल्या प्रत्येकाला हिशेबातील नोंद खोडता किंवा गिरवता येत नाही, आणि हिशेब कॉम्प्युटरवर असेल तर बदललेल्या व पुसलेल्या प्रत्येक नोंदीचा लॉग ठेवावा लागतो. हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे बिल 'डिलीट' करून मोकळे होण्याची सवय कायद्यालाही मान्य नाही. बेकरीतील तेवीस बिले पुसायची नव्हती. ती कारण लिहून रद्द करायची होती, आणि आमच्या सांगण्यावरून ती तशी केली गेली.

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशांत सर्व्हर चालविणाऱ्या कंपन्या व संस्थांना १८० दिवसांचे लॉग राखण्यास आणि घुसखोरीसारखा प्रकार कळल्यापासून सहा तासांत खबर देण्यास सांगितले आहे. लहान दुकानानेही हा १८० दिवसांचा आकडा आपला मानावा असे आमचे मत आहे. डिस्क आता इतकी स्वस्त आहे की पंधरा दिवसांवर थांबण्याचे काही कारण नाही.

आणि प्रकरण कोर्टात गेले तर? लॉगचा नुसता छापील कागद पुरत नाही. त्याबरोबर ठराविक नमुन्याचे प्रमाणपत्र लागते. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे आहे आणि नमुन्यात फाइलचा 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे लाखेची मोहोर समजा. फाइलमधील एक अक्षर बदलले तरी मोहोर जुळत नाही. प्रमाणपत्र आवश्यकच आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ज्या खटल्यात ठामपणे सांगितले, तो आपल्या जालन्याचा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आले की नंतर, हा वाद होता, आणि पुरावा होता निवडणूक कचेरीतील कॅमेऱ्याच्या चित्रणाचा. किती वाजले, एवढ्यावरून आमदारकी टांगणीला लागली होती!

एक अडचणीची बाजूही सांगितली पाहिजे. नोंद ठेवणे आणि माणसावर पाळत ठेवणे यांत फरक आहे. दुसऱ्याच्या खासगी गोष्टींची टेहळणी, तजस्सुस, सूरह हुजुरातमध्ये मना केलेली आहे. काउंटरवर कोणते बिल झाले ही धंद्याची नोंद. गड्याने मोबाइलवर घरी काय बोलणे केले ही नव्हे. काही प्रोग्राम पडद्याचे फोटो दर मिनिटाला गुपचूप काढतात. आम्हांला ते पटत नाही. काय लिहिले जाते ते कामावर ठेवतानाच माणसाला सांगावे आणि त्याच्या नावावरची नोंद त्याने मागितली तर दाखवावी. होरायझनमध्ये न झालेली गोष्ट नेमकी हीच. गिऱ्हाइकाचीही अमानत आहे. पासवर्ड, कार्डाचे नंबर लॉगमध्ये लिहिले जाता कामा नयेत. मे २०१८ मध्ये ट्विटरसारख्या कंपनीला आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदला म्हणून सांगावे लागले, कारण चुकून ते तिच्या आतल्या लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते.

एप्रिलमध्ये दुरुस्ती-देखभालीचे वार्षिक करार नवे होतात. त्या वेळी कंपनीच्या माणसाकडून चार ओळी कागदावर लिहून घ्याव्यात. लॉग किमान १८० दिवस राहील. त्याची प्रत रोज दुसऱ्या मशीनवर किंवा दुकानाबाहेर जाईल. मालकाला ती कंपनीला न विचारता उघडता येईल. कंपनीचा माणूस दुरून आपल्या सर्व्हरमध्ये शिरला तर त्याचीही वेळ व नाव त्यात येईल. चौथ्या ओळीला बरेच जण कां-कूं करतात. तिथे हटून बसावे.

हाजीसाहेबांच्या बेकरीतील तो डबा आता भट्टीच्या भिंतीवरून काढून कचेरीतील फळीवर ठेवला आहे. काउंटरवरच्या पाचही जणांची नावे वेगळी आहेत, पुतण्यासकट. सकाळी फजरनंतर भट्टी पेटवण्याआधी हाजीसाहेब आदल्या दिवसाचे पान मोबाइलवर पाहतात. चष्मा लागतो, पण पाहतात. २०२५ च्या रमजानमध्ये दोन बिले दुबार पडली होती. दोन्ही त्याच रात्री रद्द झाली, आणि रद्द कोणी केली, किती वाजता केली, ते तिथे लिहिलेले आहे.